खंडेराव सरांची भरती

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्याकडे बघून नाक मुरडायचं नाही. मी फुटबॉल आहे. जुना, हातशिलाईचा. एके काळी पांढराशुभ्र होतो म्हटलं तर तुम्ही हसाल, म्हणून तो विषयच नको. मधे उसवलो होतो, तेव्हा पंचवटीतल्या एका चपला शिवणाऱ्या काकांनी जाड दोऱ्याचे टाके घातले. पोटातला ब्लॅडर कितीदा बदलला ते मलाही आठवत नाही. पण हवा भरली की आजही टणक होतो, आणि नीट मारलं तर सरळ जातो. वाकडा गेलो तर दोष तुमच्या पायाचा, माझा नाही.

माझा जन्म जालंधरचा. तिथे एका घराच्या ओसरीत बसून एका बाईंनी माझे तुकडे एकेक करून शिवले. शिवता शिवता त्या शेजारणीशी अखंड बोलत होत्या, त्यामुळे बडबडीची सवय मला जन्मापासूनच लागली. मोठ्या स्टेडियममध्ये जाईन, दिव्यांच्या झगमगाटात खेळेन, असं माझं स्वप्न होतं. पोचलो कुठे? नाशिक शहराच्या कडेला असलेल्या एका कॉलेजच्या जिमखान्यात, व्हॉलीबॉलचं फाटकं नेट आणि गंजलेली वजनं यांच्या मधोमध. कॉलेजचं नाव सांगत नाही, आमच्या प्राचार्य मॅडमना आवडायचं नाही.

पण माझं नशीब चांगलं, कारण तिथे खंडेराव सर होते.

सर म्हणजे मुलींच्या फुटबॉल संघाचे कोच. उंची बेताची, आवाज खणखणीत, डोक्यावर सदा न कदा टोपी आणि खाली एक खोकणारी स्कूटर. संघ उभा करायचा तर आधी खेळाडू शोधून त्यांना कॉलेजात आणावं लागतं. त्यासाठी सर मला जाळीच्या पिशवीत घालून स्कूटरच्या हँडलला लटकवायचे आणि निघायचे. घोटी, चांदवड, मनमाड, गिरणारे आणि मखमलाबादकडचे मळे, कुठे म्हणून गेलो नाही ते विचारा. शाळेच्या पटांगणावर ते मला सोडायचे, मोठ्या वर्गातल्या मुलींना खेळायला सांगायचे आणि स्वतः कडेला उभे राहायचे.

आता पायाची पारख माझ्याइतकी कुणाला असणार? कुणाच्या पायात खेळ आहे ते मला पहिल्या स्पर्शात कळतं. मी मनात ओरडायचो, सर, ही घ्या, हिला सोडू नका. आणि सर निवडायचे भलतीच. का, ते ऐका. खेळ रंगात आला की सर मला एक सणसणीत लाथ घालून मैदानाबाहेर घाणेरीच्या झुडपात पाठवायचे, आणि मला आणायला कोण जातं ते बघत राहायचे. चांगल्या खेळणाऱ्या मुली कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या. एखादीच काटे बाजूला सारत आत शिरायची, मला बाहेर काढायची आणि जिला अजून एकदाही चेंडू मिळाला नाही अशा मुलीकडे ढकलायची. सर नाव विचारायचे ते तिचं. जिने मला काट्यातून सोडवलं तिला मी कशी नावं ठेवू? पण खरं बोलायचं तर त्यातल्या काहींचे पाय म्हणजे नुसते सोटे होते.

बरं, कधीतरी अशीही एखादी मिळायची की काट्यातही शिरते आणि झकास खेळतेही. मग सर तिच्या घरी जायचे. दुसऱ्या कॉलेजांची माणसंही तिथे येऊन गेलेली असायची. ते म्हणायचे बूट देऊ, ट्रॅकसूट देऊ, पुढे नोकरीचंही बघू. सर मात्र चहा प्यायचे आणि खरं बोलायचे. मनमाडच्या रेल्वे कॉलनीत एक मुलगी होती. काय खेळायची म्हणून सांगू! तिचा पाय सोडून जायला माझं मनच होत नव्हतं. सरांनी तिच्या आईला काय सांगावं? आमच्या मैदानात खडे आहेत. लग्नसराईत ते मंडपवाल्यांना देतात, तेव्हा सराव बंद. होस्टेल नाही. गुडघा दुखावला तर मीच तेल चोळून देतो, त्यापेक्षा तुम्ही हिला पुण्याच्या कॉलेजात पाठवा, तिथे सगळी सोय आहे. आई बिचारी त्यांच्याकडे बघतच राहिली. मुलगी पुण्याला गेली आणि पुढे राज्याच्या संघात खेळली. पेपरात तिचा फोटो आला त्या दिवशी सरांनी अख्ख्या जिमखान्याला पेढे वाटले. मी कपाळाला हात लावणार होतो, पण मला कपाळ कुठलं आणि हात कुठला.

अशाने जे व्हायचं तेच झालं. खंडेराव सरांना खेळाडू आणता येत नाहीत, अशी त्यांची ख्याती झाली. स्टाफरूममध्ये म्हणायचे, सर खेळाडू उत्तम शोधतात, फक्त दुसऱ्यांसाठी. सरही त्या हसण्यात सामील व्हायचे.

त्यात दरवर्षी आडवा यायचा दसरा. सरांच्या बहुतेक मुली मळ्यांतल्या, भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या घरांतल्या. आणि कॉलेजांची स्पर्धा यायची नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. नाशिकच्या आसपास ज्याच्या वावरात झेंडू आहे, त्याची सगळ्या वर्षाची आशा त्या दोन-चार दिवसांवर असते. फुलं आधी तोडली तर कोमेजतात, आणि सण उलटला की कुणी फुकटही नेत नाही. मजूर शोधून सापडत नाहीत, म्हणून घरातलं झाडून सगळं माणूस वावरात उतरतं. अशा वेळी मुलगी म्हणाली की मी फुटबॉल खेळायला चालले, तर घरचे तिच्याकडे कसे बघतील, तुम्हीच सांगा. सर कधी अडवायचे नाहीत. जा म्हणायचे, फुलं कुणासाठी थांबत नाहीत. मग संघाला भगदाड पडायचं. मागच्या वर्षी तर इतक्या कमी मुली उरल्या की समोरच्या संघाला न खेळताच पुढे चाल मिळाली.

यंदा पावसाळ्यात आमच्या प्राचार्य प्रतिभा मॅडमनी सरांना बोलावून घेतलं. मी सरांच्या काखेतच होतो. मॅडम कडक आहेत, पण दुष्ट नाहीत. संस्थेची माणसं त्यांना जाब विचारतात, त्या सरांना विचारतात.

“सर, तुमच्याबद्दल मला आदर आहे,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या भरतीचा काय निकाल लागतो ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. या वर्षी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत अकरा मुली मैदानात उभ्या दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर संघ बंद. मग माझ्याकडे येऊ नका.”

मळ्यातल्या मुली सोडा, शहरातल्या क्लबमधून तयार खेळाडू आणा, असंही त्यांनी सुचवलं. सर बघतो म्हणाले आणि बाहेर येऊन स्कूटरवर नुसते बसून राहिले. किक मारेनात. मला ते बघवेना. संघ बंद झाला तर सरांना ग्रंथालयात नाहीतर परीक्षा विभागात बसवलं असतं, आणि त्यांना या एका गोष्टीशिवाय दुसरं काही करायची हौस नव्हती. मुलींचं तर त्याहून कठीण. कितीतरी जणींना घरून कॉलेजला पाठवलं होतं ते सरांच्या शब्दावर. संघ गेला की सर जाणार, सर गेले की घरचे म्हणणार, बास झालं शिक्षण.

संघाची कॅप्टन होती साक्षी, मखमलाबादच्या पुढे मळ्यात राहणारी. काट्यातही शिरणारी आणि खेळणारीही. दुसऱ्या कॉलेजांचे लोक तिच्या दारातून हात हलवत परत गेले होते. फुलं तोडायच्या दिवसांत तिला अडवणार नाही, असं सांगणारे एकटे सरच होते. तिचे वडील भिकनराव बोलायला कमी, झेंडू मात्र असा पिकवायचे की व्यापारी नाव काढायचे.

नवरात्र जवळ आलं तसं सरांनी मुलींना मैदानात गोल बसवलं आणि म्हणाले, यंदा आपण सावड करायची. शहरातल्या मुलींना काही कळेना. मळ्यातल्या हसायला लागल्या. सावड म्हणजे आज तुमच्या वावरात आम्ही, उद्या आमच्या वावरात तुम्ही. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, फक्त आलेला हात फेडायचा. शेतकरी एकमेकांत करतात ती सावड फुटबॉलच्या संघाने करायची, अशी सरांची टूम.

आणि मित्रांनो, त्यांनी ती खरंच केली! रोज उजाडायला सगळ्या मुली कुणाच्या ना कुणाच्या वावरात. मला बांधावरच्या फांदीला लटकवायचे आणि सगळ्या सरीत वाकायच्या. ज्यांच्या वावरात जायचं त्या घरची माणसंही दुसऱ्या दिवशी दुसरीच्या वावरात यायची. गोलकीपर रूपाली शहरातल्या कॉलनीतली, वडील कारकून. पहिल्या दिवशी अळी बघून ती अशी किंचाळली की मीच फांदीवरून पडणार होतो. पुढे पुढे दोन्ही हातांनी सपासप फुलं तोडायला लागली. तिला फेडायला तिचं स्वतःचं वावर नव्हतं, तरी ती एकही दिवस चुकली नाही. सर सगळ्यांत वाईट तोडायचे. फुलाबरोबर फांदीही हातात यायची. भिकनरावांनी त्यांना शांतपणे सांगितलं की सर, तुम्ही नुसते क्रेट उचला. कॉलेजात मात्र चेष्टा सुरू झाली. सराव सोडून फुलं तोडतात म्हणे, हा कोच का मुकादम?

मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, थोडी काळजीही वाटायची, कारण सराव खरोखरच कमी झाला होता. पण एक गोष्ट मला माझ्या कातड्यावर जाणवायला लागली. पूर्वी मुली मला पास द्यायच्या तेव्हा कुठे तरी भिरकावून द्यायच्या. आता हातात क्रेट द्यावा तसं नीट देत होत्या. समोरची तयार आहे का बघून, मगच.

एकेक वावर उरकत आलं. राहिलं फक्त भिकनरावांचं. त्यांची लागवड पावसाने उशिरा झालेली, त्यामुळे फुलं फुलली ती नेमकी मॅचच्या दिवशी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मॅच, सकाळी दहाला, आणि त्याच सकाळी फुलांचा तोडा. मॅचच्या आदल्या दिवशी साक्षी सरांकडे आली. रडली नाही, काही नाही. सरळ म्हणाली, आई बाजारात जागा धरायला जाणार, वावरात पप्पा एकटे. मी येऊ शकत नाही, दुसरी कॅप्टन करा. भिकनराव मागेच उभे होते. ते म्हणाले की तिला न्या सर, मी बघतो काय ते. पण एकट्या माणसाने काय बघायचं ते सगळ्यांना दिसत होतं.

माझा जीव टांगणीला. सरांनी मुलीला न्यावं तर बापाचं वर्ष जातं, न न्यावं तर संघ जातो. सरांना मात्र काही विचार करावा लागला नाही. ते म्हणाले, “भिकनरावांनी सगळ्यांच्या वावरात हात लावलाय. त्यांचंच राहिलं तर ती सावड कसली? उद्या उजाडायला सगळ्या इथेच.”

दुसऱ्या दिवशी फुलांवरचं दव वाळायच्या आत मुली सरीत उतरल्या. अंगात खेळायच्या जर्सी, पायात चिखल. बांधावर बुटांची रांग. क्रेट भरत होते, पिकअपमध्ये चढत होते. ऊन वर आलं तसं माझं लक्ष राहिलेल्या वावराकडे गेलं. अजून निम्मं पिवळंच्या पिवळं! शहरातल्या मैदानावर पोचायला वेळ लागणार, मॅडम तिथे येऊन उभ्या असणार. पण निघू या असं कुणी म्हणेना. सर घड्याळाकडे बघेनात. साक्षी तर मान वर न करता असे हात चालवत होती की बाकीच्या मागे पडल्या.

तेव्हा भिकनराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांनी राहिलेल्या सऱ्यांवरून एकदा नजर फिरवली.

“सर, बास आता. समद्या गाडीत बसा.”

“अहो, निम्मं राहिलंय,” सर म्हणाले. “उद्या याला कोण विचारणार?”

“राहू द्या. माझी पोरगी न्यायला लय कॉलेजवाले आले. पण माझी फुलं तोडायला कोण आलं नाय. तुम्ही तुमची सावड केली, आता आमची पाळी हाय. चला, उठा.”

सरांनी मला फांदीवरून काढलं आणि छातीशी धरलं. त्यांची छाती धडधडत होती, ते मला चांगलं कळलं.

क्रेटच्या मधल्या जागेत अकराजणी आणि बदली खेळणाऱ्या कशाबशा बसल्या आणि पिकअप सुटली. मैदानावर पोचलो तेव्हा पंच शिट्टी तोंडात धरून उभे होते. प्रतिभा मॅडम कडेला छत्री घेऊन, ओठ हलवत मुली मोजत होत्या. समोरचा संघ चकाचक, पायात नवे बूट. मॅचचा चेंडूही नवा, गुळगुळीत, माझ्याकडे ढुंकूनही बघेना. असू दे. काट्यात पडला तर आणायला कोण येतं बघ म्हणावं.

स्कोअर विचारू नका. हरलो. पण एक गोल साक्षीने असा मारला की समोरच्यांनीही टाळ्या वाजवल्या. रूपालीने किती अडवले त्याला गणती नाही. सोट्यासारख्या पायाच्या एका मुलीच्या पोटरीत गोळा आला, पंच विचारायला आले, तरी ती बाहेर जाईना, लंगडत लंगडत उभी राहिली. शेवटची शिट्टी झाली तेव्हा अकराच्या अकरा मैदानात होत्या, आणि सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे.

मॅडम सरांशी बोलायला आल्या, तर सर जागेवर नाहीत. मुली नाहीत. फोटोलाही कुणी थांबलं नव्हतं. शिट्टी झाल्या झाल्या साक्षी म्हणाली होती, चला, निम्मं राहिलंय, आणि सगळ्या मिळेल त्या रिक्षात घुसून वावराकडे पळाल्या होत्या. भिकनरावांना याचा पत्ताच नव्हता. ते संघाला सोडून तसेच गणेशवाडीच्या फूलबाजारात गेले होते.

मॅडम कुणाला तरी रस्ता विचारत, गाडी घेऊन मागोमाग आल्या. चांगल्याच चिडलेल्या होत्या. बांधाशी उतरल्या आणि उभ्याच राहिल्या. भर उन्हात, पाठीवर नंबर असलेल्या मुली सरींमध्ये वाकलेल्या, आणि जिच्या पोटरीत गोळा आला होता ती बसल्या बसल्या क्रेट लावतेय. मालक वावरात नाही, हुकूम करायला कुणी नाही. सर घामाघूम होऊन क्रेट उचलत होते.

तेवढ्यात पिकअप परत आली. भिकनरावांना वाटलं होतं की राहिलेली फुलं गेली, आता रिकामे क्रेट घरात टाकायचे. त्यांनी समोर पाहिलं. जेमतेम दोन सऱ्या राहिल्या होत्या. ते गाडीतून उतरले, बांधावर बसले आणि खांद्यावरचा टॉवेल तोंडावर घेतला. साक्षी धावत गेली आणि त्यांच्याजवळ उभी राहिली. बराच वेळ ते टॉवेल काढेनात.

मॅडमचा राग कुठल्या कुठे गेला. त्या हळूच सरांजवळ आल्या.

“सर, संघ चालू राहील. मी दिलेला शब्द पाळते. पण संस्थेत मला विचारतील, म्हणून सांगा. अशा मुली तुम्ही भरती केल्या तरी कशा?”

सरांनी क्रेट खाली ठेवला. कमरेवर हात देऊन सरळ झाले.

“मी कुठे केल्या, मॅडम?” ते म्हणाले. “भरती यांनी माझी केली.”

आणि पुन्हा क्रेट उचलायला वाकले. मॅडमनी छत्री मिटली, चपला बांधावर काढल्या आणि राहिलेल्या सरीत उतरल्या. एका वेळी एकच फूल तोडत होत्या, आणि तेही चुकीचं. भिकनराव उठून त्यांना दाखवायला गेले.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. जन्मभर लाथा खाल्ल्या, पण खंडेराव सरांच्या हातात पडलो याचं मला सुख आहे. संस्थेच्या मीटिंगमध्ये अजूनही म्हणतात की त्यांना खेळाडू आणता येत नाहीत, आणि मोजायला बसलं तर ते खोटंही नाही. तुमच्या शाळेत, कॉलेजात असे एखादे सर किंवा बाई असतील, ज्यांच्या नावावर जिंकलेलं काहीच नाही. त्यांना हसण्याआधी माझं एवढं ऐका. एक दिवस त्यांच्या बरोबरीने एक सरी तोडून बघा, आणि मग काय ते बोला.